आतोबांचा आवाज आणि मधला डबा

आमची आत्या ध्वनिमुद्रणाची कामं करायची. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया ठोकून तिने स्टुडिओ थाटला होता. विकतच्या वस्तूंचं तिला वावडं. माइकचे स्टँड, केबली, सगळं हातचं. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर कायम एखादं यंत्र पोट उघडं टाकून पडलेलं असे. आतोबा ताट ठेवायला जागा करत विचारायचे, "आज कुणाचं ऑपरेशन?"

आतोबा गिटार वाजवायचे. हॉटेलांत, समारंभांत, आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यामागे उभं राहून. उतारवयात त्यांनी स्वतःच्या चाली रेकॉर्ड करायला घेतल्या. पण वरच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं, गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, मोठ्याने लावायची सोय नव्हती. आत्या म्हणाली, "गिटार सरळ कॉम्प्युटरला जोडू. वाजवणं नीट उतरू दे, ॲम्पचा आवाज मागाहून चढवू." तसं ठरलं. चाली पुऱ्या झाल्या आणि आतोबांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत.

ते रेकॉर्डिंग दोनेक वर्षं कुणी उघडलं नाही. मग एका दुपारी आतोबाच म्हणाले, "लाव बघू."

नुसत्या तारांचा कोरडा आवाज आला, बिनमिठाच्या उकडलेल्या बटाट्यासारखा.

"हे माझ्या ॲम्पमधून यायला हवं," ते म्हणाले.

त्यासाठी मध्ये एक डबा लागतो, रीॲम्प बॉक्स. कॉम्प्युटरकडून येणारा आवाज दांडगा, आणि ॲम्पला सवय गिटारच्या नाजूक आवाजाची. हा डबा दोघांचं जुळवून देतो. दुकानात तयार मिळतो.

"विकत आण," आतोबा म्हणाले.

"आत असतं काय? एक ट्रान्सफॉर्मर, एक बटण, दोन भोकं. त्यासाठी दुकान कशाला?"

"हेडफोनचा ॲम्प्लिफायरही आठवड्यात होणार होता. अजून फ्रिजवर बसलाय."

आत्याने ऐकलं नाही. स्टुडिओतल्या बंद पडलेल्या साउंड मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर काढला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली. जोडणी केल्यावर ॲम्पमधून बाटलीत अडकलेल्या माशीसारखी घूंघूं आली. तिने तारा बदलल्या, घूं गेली, पण गिटारचा खर्जही तिच्याबरोबर गेला. ट्रान्सफॉर्मरच त्या कामाचा नव्हता. आता दुसरा शोधावा की दुकान गाठावं, यात ती घोटाळत राहिली. रोज नवा विचार, रोज नवी आकृती. मी भेटायला गेलो की मलाही दोन्ही बाजू ऐकवायची आणि माझं मत विचारायच्या आत आपलं बदलायची.

एकदा आतोबा चहाचा कप डाव्या हाताने खाली ठेवत शांतपणे म्हणाले, "तुला डबा करायचाय, की मला ऐकायचंय?"

आत्या उठली. स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. खरं तर तिला दोन्ही हवं होतं. त्या आवाजाला लागणारी प्रत्येक गोष्ट आपल्या हातची असावी, असं वाटत होतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली.

आणलेला डबा जोडायच्या आधी स्क्रू काढून तिने आत डोकावून पाहिलंच. "ट्रान्सफॉर्मर चांगला घातलाय मेल्यांनी," एवढंच म्हणाली आणि झाकण लावलं.

वरचं बाळ एव्हाना बालवाडीत जाऊ लागलं होतं. सकाळी ते बाहेर पडल्यावर आत्याने ॲम्पसमोर माइक लावला, आतोबांना ॲम्पजवळ खुर्ची दिली आणि ते कोरडं रेकॉर्डिंग नव्या डब्यातून सोडलं. खोलीत त्यांची गिटार भरून वाजली. आतोबांनी डावा हात पुढे करून ॲम्पवरची आवाज जुळवायची एक खुंटी थोडी मागे घेतली, दुसरी किंचित पुढे. आवाज ओला झाला, गोल झाला. आत्या खिडकीच्या काचेकडे तोंड करून उभी होती, डोळे पुसायला रजईचा कोपरा धरून.

"हा वाजवणारा दुसऱ्या ओळीत घाई करतोय," आतोबा स्वतःचंच वाजवणं ऐकत म्हणाले.

"सांगेन त्याला," आत्या म्हणाली. "तू आवाजाचं बघ."

त्या चालींचा संग्रह निघाला. ऐकणाऱ्या एका गिटारवाल्याने विचारलं, माझ्याही रेकॉर्डिंगला असा आवाज द्याल का? मग दुसऱ्याने. आता लोक कोरडी गिटार पाठवतात आणि आतोबा ॲम्पशेजारी बसून खुंट्या फिरवतात. कुणी ताल चुकलेला असला की निरोपही धाडतात. आत्या तो पाठवायच्या आधी थोडा गोड करते.