खुंटीवरचा बाजा

मनोहरभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाला आधण ठेवलं होतं आणि त्यांनी दिलेलं माउथपीस ओट्यावरच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी पडलेलं होतं. फोन आमच्या ह्यांनी घेतला. पाठच्या भावाची बातमी. माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि खुर्चीत बसले. मी गॅस बंद केला, आणि का कोण जाणे, आधी ते माउथपीस उचललं आणि कपाटात साड्यांच्या खाली दडवलं. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला भीती वाटली होती. माणूस गेल्याचं दुःख आपल्याला कळतं, त्याची तयारी नाही म्हटलं तरी झालेली असते. ही भीती मात्र वेगळी होती, आणि तिनं अजून माझी पाठ सोडलेली नाही.

माउथपीस म्हणजे बँडच्या बाज्याचं तोंड. वाजवणारा ज्याला ओठ लावतो तो लहानशा पेल्यासारखा पितळी तुकडा. तो काढून घेतला की कितीही मोठा बाजा मुका. शेवटच्या भेटीत भाऊजींनी तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. त्या वेळी त्यांना एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. अर्धं बोलायचे, थांबायचे, खिडकीकडे पाहायचे आणि मग उरलेलं अर्धं... "हे तुमच्यापाशी राहू द्या, वहिनी. इथं राह्यलं त कोनी तरी तोंड लावन. खालचा वळसा बदलल्याबगर तो बाजा... कोनाले द्यायचा नाई." मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण हो म्हणतो तसंच म्हटलं.

मी लग्न होऊन दारव्ह्याला आले तेव्हा हे माझे दीर कॉलेज अर्धवट सोडून दुकानात बसले होते. माझं माहेर यवतमाळचं, घरात सगळे कचेरीत जाणारे. त्यामुळे दिवसभर ठोकाठोक चालणाऱ्या घरात माझं कसं निभणार, याची माहेरी फार चर्चा झाली होती. सासऱ्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. स्टील आलं आणि भांडी गेली. तशात कुणी एक बँडवाला चेपलेला कर्णा घेऊन आला, सासऱ्यांनी घागरीचा पोचा काढावा तसा त्याचा पोचा काढून दिला, आणि तिथून घराचा धंदाच बदलला. भाऊजींनी तो वाढवला. कळंबपासून पार मुकुटबनपर्यंतचे बँडवाले जीपच्या टपावर बाजे बांधून त्यांच्याकडे यायचे. मी त्यांना चिडवायचे, "भाऊजी, सगळ्या जिल्ह्याच्या वराती तुमच्या हाताखालून जातात आणि तुमच्यासाठी मुलगी मिळत नाही." ते म्हणायचे, "मिळन ना वहिनी, बहिरी मिळन." मिळाली ती शोभा. बहिरी तर नव्हतीच, उलट तिला शेजारच्या गल्लीतली कुजबुजही ऐकू यायची.

त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या, आणि पुढचं सगळं त्या दोन रीतींमुळेच झालं, म्हणून त्या सांगायला हव्यात. पहिली दुकानाची. जमिनीवर ठेवलेला बाजा म्हणजे काम बाकी, आणि खुंटीवर टांगलेला बाजा म्हणजे काम झालं. गिऱ्हाईक आलं आणि भाऊजी जेवायला गेलेले असले, तरी घरातलं कोणीही खुंटीवरचा बाजा खुशाल काढून द्यायचं. सासऱ्यांपासून ही शिस्त होती आणि तिच्यात कधी चूक झालेली मला आठवत नाही. दुसरी रीत त्यांच्या हाताची, खरं तर तोंडाची. बाज्याचे पाइप सुटे केले की एकेका पाइपाचं एक टोक तळहातानं बंद करायचं आणि दुसरं तोंडात धरून हवा आत ओढायची. कुठे बारीकशी चीर नसेल तर जीभ त्या टोकाला चिकटून बसते. "पाइपानं जीभ धरली का समजायचं, चांगला हाय," ते म्हणत. न धुतलेला, कुणाकुणाच्या वर्षानुवर्षांच्या थुंकीचा पाइप... मला पाहवत नसे. सासूबाई कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताकाचा थेंब ठेवू द्यायच्या नाहीत, कळकतं म्हणून. मी एकदा म्हटलं, की भाऊजी, ताक कळकतं मग थुंकी कळकत नसेल का? ते हसले. आधी धुतलं तर चीर कुठे आहे ते कळत नाही, मळ सुटून चिरेत बसतो आणि पाइप खोटं बोलतो, असं काहीसं त्यांनी समजावलं. त्यांच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मुकुटबनकडच्या एका बँडचे दौलतमास्तर युफोनियम घेऊन आले. पोटाशी धरून वाजवायचा तो मोठा, जड बाजा. आम्ही दोघं केव्हाच यवतमाळला राहायला गेलो होतो, पण मी तेव्हा सणासाठी दारव्ह्यालाच होते. मास्तरांनी बाजा लाल फडक्यात बांधून आणला होता आणि तो उंबऱ्याच्या आत घेईनात, पायरीवरच ठेवला. तो वाजवणारा सुदाम खोकून खोकून गेला होता. मग त्याच्या धाकट्या भावानं एक हंगाम वाजवला, तर त्यालाही आता जिना चढवत नाही. बँडमधली पोरं बाज्याला हात लावायला तयार नव्हती. कुणी त्याला लिंबू बांधलं होतं, त्याचा सुकलेला दोरा अजून गळ्याशी होता. भाऊजींनी दोरा तोडून फेकला आणि बाजा उचलून आत आणला. "बाज्याच्या पोटात भूत नाई रायत मास्तर, थुंकी रायते," ते म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. शोभा तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सुटा केला आणि नेहमीप्रमाणे एकेक पाइप तोंडाला लावला. तळाचा मोठा वळसा, म्हणजे गोल वाकवलेला पाइप, ओढला, आणि तोंड एकदम वाकडं करून मोरीकडे धावले. किती तरी वेळ चुळा भरत होते. काय आलं तोंडात, म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही, कडू पाणी. संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. पावसाळी ताप म्हणून काढा दिला, सकाळी उतरला, माणूस पुन्हा त्याच वळशापुढे बसला. आणि संध्याकाळी पुन्हा ताप.

मग हे असंच चालू राहिलं. दिवसा काम, संध्याकाळी थंडी, सकाळी बरं. हळूहळू खोकला राहायला आला आणि गेलाच नाही. दिवाळीनंतर आम्ही त्यांना बळेच यवतमाळला आणलं, तर आठवडाभरात माणूस भाकरी मागून खायला लागला, ह्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागला. दारव्ह्याला परतले आणि पुन्हा पहिले पाढे. शोभाच्या मनानं घेतलं की वास्तूतच काही शिरलं आहे, तो बाजा आला त्या दिवसापासून. तिनं शांत केली, अंगारा लावला. तिला हसायची माझी ताकद राहिली नव्हती, कारण दिवस तर तिनं बरोबर धरला होता.

उन्हाळ्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर पुष्कळ वेळ तो उजेडाकडे धरून पाहत राहिले आणि त्यांनी विचारलं, "घरात कबुतरं आहेत का?" मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. भाऊजी म्हणाले, कबुतरं नाहीत, बाजे आहेत. मग मी सगळं सांगितलं, जीभ लावण्याचं, कडू पाण्याचं. कबुतरांच्या धुळीनं, ओल्या बुरशीनं काही जणांची छाती अशी आतून आवळत जाते, झालेलं मागे फिरत नाही, पण कारण सुटलं तर निदान तिथं थांबतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारण हेच आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, असंही म्हणाले. पण तोंड लावणं आजपासून बंद. भाऊजींनी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "आता मले समजलं तो सुदाम कायले मेला."

त्यानंतर त्यांनी तोंड लावलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण बाजाही सोडला नाही. त्यांनी तो वळसा पुन्हा पुन्हा पाहिला आणि शेवटी त्यांना सापडलं. त्याला फार जुनी पितळी पट्टी डाख देऊन जोडलेली होती. पट्टीखाली कुणी तरी कधीकाळी भोक बुजवायला फडकं गुंडाळून लाख ओतली होती. लाख तडकली, फडकं राहिलं आणि किती तरी वर्षं ते आतली ओल पीत आलं. किती उकळलं, चिंचेच्या पाण्यात किती ठेवलं, तरी दुसऱ्या दिवशी पाइपातून हिरवट पाणी यायचंच. एकच उपाय होता, तो वळसा कापून टाकायचा आणि दुसरा बसवायचा. भंगारातल्या एका बाज्याचा वळसा त्यांनी काढूनही ठेवला. पण त्यासाठी बत्ती पेटवायची, आगीपुढे तास न् तास बसायचं, आणि इकडे पाण्याचा तांब्या उचलला तरी माणसाला धाप लागत होती.

मी म्हटलं, मास्तरांना सरळ फोन करून सांगा, तो बाजा मोडीत घाला म्हणावं. त्यांनी ऐकलं नाही. असा आवाज आता नव्या बाज्यात येत नाही म्हणाले. आणि फोनवर सांगून उपयोगही नाही. "ते भुताले भितील, वहिनी. थुंकीले कोनी भेत नाई." बाजा आपल्यापाशी आहे तोवर धोका नाही, मला जरा बरं वाटू द्या, मी वळसा बदलतो, हेच त्यांचं पालुपद. बसून बसून हात शिवशिवायचे, म्हणून तेवढ्यात ते बाजा मांडीवर घेऊन पुसत राहायचे, घासत राहायचे. बसल्या जागी तेवढंच जमत होतं. काम सगळं बाकी, आणि बाजा मात्र असा लखलखीत झाला की त्यात आपलं तोंड दिसावं. रोज संध्याकाळी तो पुन्हा जमिनीवर, बाकाखाली जायचा. त्याच सुमाराला त्यांनी मला ते माउथपीस दिलं. मग फोन आला, तो मी वर सांगितला.

तेरवीला घर माणसांनी भरलं. बसायला जागा हवी म्हणून दुकानची खोली रिकामी केली, झाडली, सारवल्यासारखी पुसून घेतली आणि सतरंज्या घातल्या. मी स्वयंपाकघरात होते. दुपारी पंगतीच्या वेळी त्या खोलीत डोकावले, तर माणसांच्या डोक्यांपलीकडे मला काही दिसलं नाही आणि मी काही शोधलंही नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी यवतमाळला आलो. बाज्याची आठवण मला तुळशीचं लग्न लागलं, शेजारच्या मंगल कार्यालयात पहिली वरात वाजली, तेव्हा झाली. तिथल्या तिथे शोभाला फोन लावला.

"तो मास्तरांचा बाजा बाकाखालीच आहे ना गं?"

"नाई ताई, नेला ना त्याईनं. खुंटीवर होता."

तिचा काय दोष? तेरवीच्या झाडपुसीत कुणी तरी जमिनीवरचा लखलखीत बाजा उचलून खुंटीवर टांगला. कुणी, ते कुणालाच आठवत नाही. मग दौलतमास्तर भेटायला आले, शोभानं वर पाहिलं आणि या घरात आजवर चालत आलं तेच केलं, काढून दिला. उलट नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम वेळेत पोचलं याचं तिला समाधान होतं. खाली बाकाशी पाइपाचा एक वाकडा तुकडा पडून आहे, तो कशाचा, असं तिनंच मला विचारलं. मला तिला सांगवलं नाही.

मी मास्तरांना फोन केला. त्यांनी आधी भाऊजींबद्दल फार चांगलं बोलून घेतलं. मग मी फडक्याचं, लाखेचं, सगळं सांगितलं. ते शांतपणे हो हो म्हणत राहिले, मी शेवटच्या भेटीत भाऊजींना म्हटलं होतं ना, अगदी तसंच. माउथपीस माझ्याकडे आहे म्हटलं तर म्हणाले, त्याचं काही नाही, आमच्याकडे दुसरं होतं. लग्नाचा हंगाम जाऊ द्या, मग दाखवू कुणाला तरी. पण दाखवणार कुणाला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. "पोरं आधी भेत होती वहिनी," ते म्हणाले. "आता कोनी भेत नाई. भाऊच्या हातातून आला ना तो." मी विचारलं, वाजवतं कोण? सुदामचा मुलगा, म्हणाले. आत्ताच सराव चालला आहे, ऐका म्हणाले, आणि त्यांनी फोन तिकडे धरला.

काय सांगू... असा भरलेला, गोड आवाज मी त्या दुकानात इतकी वर्षं काढूनही ऐकला नव्हता. भाऊजी ज्याच्यासाठी हटून बसले ते काय होतं, हे मला त्या घटकेला कळलं. मग मध्येच तो सूर तुटला. बाकीचे बाजे पुढे गेले, आणि त्यांच्यामागे कुणी तरी खोकत होतं. बराच वेळ खोकत होतं. मास्तर पुन्हा फोनवर आले.

"काही नाई, वहिनी. थंडीचे दिवस हायेत."

उद्या सकाळच्या एसटीनं मी आणि हे निघतो आहोत. वणीला गाडी बदलायची आणि मुकुटबन गाठायचं. बाजा मागायचा. त्या पोराला समोर बसवून सांगायचं. तो ऐकेल असं मला वाटत नाही, त्याच्या बापाचा बाजा आहे आणि तो फार गोड वाजतो. माउथपीस मी साड्यांखालून काढून पर्समध्ये ठेवलं आहे. मघाशी ते कपाटातून काढलं, तेव्हा त्याच्या नळीत बोटानं पुसून पाहिलं. बोट हिरवं झालं. साबणानं दोनदा हात धुतले, पण वास अजून येतोच आहे.