भिंगावरचा पडदा

दिवेकाकांनी चौतीस वर्षं दीपगृहात नोकरी केली. रात्री दिवा लावणं हे त्या नोकरीतलं सोपं काम होतं, असं ते म्हणायचे. अवघड काम दिवसाचं. सूर्य वर यायच्या आत काचघराच्या सगळ्या बाजूंचे जाड पांढरे पडदे ओढायचे आणि तो बुडेपर्यंत कुणाला त्यांना हात लावू द्यायचा नाही.

"दिवा काय, कुणीही लावेल," ते म्हणायचे. "पडदा ओढायला माणूस लागतो."

"घरातला एक पडदा ओढला असेल तर शपथ," काकू म्हणायच्या. "आणि बल्ब गेला की स्टुलावर कोण चढतं? मीच."

त्यात खोटं काही नव्हतं.

मनोरा दीडशे वर्षांचा. तळाशी भिंत आठ फूट जाड, कारण लाटांचा मार तिथे. वर जाता जाता ती दोन फुटांवर येते. आत भिंतीला धरून गोल चढणाऱ्या एकशे अडुसष्ट पायऱ्या आणि मधोमध पोकळी. या पोकळीत पूर्वी साखळीला एक लोखंडी वजन टांगलेलं असायचं. वजन हळूहळू खाली उतरायचं, त्याच्या ओढीने वर घड्याळासारखी चाकं फिरायची आणि चाकांबरोबर भिंग. दर तीन तासांनी साखळी हाताने गुंडाळून वजन परत वर आणायचं. पुढे वीज आली, मोटर बसली, आणि वजन तिथेच लोंबकळत राहिलं. काढायला कुणाला वेळ झाला नाही.

भिंग माणसाहून उंच. ते एकाच काचेचं केलं असतं तर मनोऱ्याला पेललं नसतं. म्हणून ज्याने कुणी ते रचलं त्याने काचेचा निरुपयोगी गाभा काढून टाकला आणि फक्त कामाची वळणं ठेवली: मध्ये परातीएवढी फुगीर काच, भोवती काचेच्या धारदार कड्या. दिव्याचा चहूकडे सांडणारा उजेड गोळा करायचा आणि एका सरळ झोतात समुद्रावर फेकायचा, एवढंच त्याचं काम. अडीच टनांचं हे धूड पाऱ्याने भरलेल्या गोल पन्हळीत तरंगायचं. बोटाने ढकललं तरी फिरायचं. दर दहा सेकंदांना दोन झोत. तेवढ्यावरून खलाशी ओळखायचे की हा इथला मनोरा, पलीकडच्या टोकाचा नव्हे.

पण काच एकमार्गी नसते. आतला उजेड ती जितक्या इमानाने बाहेर फेकते, तितक्याच इमानाने बाहेरचं ऊन आत ओढून दिव्याच्या जागी गोळा करते. काकांना हे कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात ते पश्चिमेचा पडदा ओढायला विसरले. संध्याकाळी वर जाऊन बघतात तो दिव्याच्या पितळी बैठकीच्या सांध्यांवरचं डाखकाम वितळून एक थेंब ओघळलेला. तेव्हाचे हेड शांत माणूस. ओरडले नाहीत. वाकून थेंब दाखवत म्हणाले, "हा तुझा. तो शेजारचा माझा."

त्यानंतर चौतीस वर्षांत तिसरा थेंब पडला नाही.

मग जहाजांना उपग्रहांवरून वाट दिसू लागली आणि कचेरीचं एक पत्र आलं: दीपगृहाची आवश्यकता संपुष्टात आली आहे. पत्रावर सही होती, शिक्का होता. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्याच कचेरीला शोध लागला की आपण बंद केलं ते तर ऐतिहासिक वारसा आहे! संग्रहालय करायचं ठरलं आणि त्यासाठी एक बाई नेमल्या गेल्या. तिशीच्या, हुशार, कामाला वाघ. त्यांनी काकांना बोलावलं. गणवेश घालून खुर्चीवर बसायचं, लोकांना माहिती सांगायची. पदाचं नाव 'जिवंत इतिहास'.

"म्हणजे इतके दिवस काय होतात?" काकूंनी विचारलं.

काका हो म्हणाले ते एकाच कारणासाठी. या कामाबरोबर काचघराची किल्ली मिळत होती.

पहिल्या दिवशी ते वर गेले आणि दारातच थबकले. पारा विषारी म्हणून काढला होता. ते बरोबरच झालं. भिंग एका जागी पक्कं केलं होतं, मधली मोठी काच थेट पश्चिमेला, म्हणजे फोटोत समुद्र येईल. दिव्याच्या जागी केशरी रेशमाची ज्योत होती आणि खालच्या छोट्या पंख्यावर ती छान फडफडत होती. पडदे मात्र कुठेच नव्हते.

"मॅडम, पडदे?"

"टाकून दिले, काका. किती कळकट होते! लोक इथून समुद्र बघायला येणार आणि आपण पडदे लावून बसायचं?"

"दिवसा लावावेच लागतात. ऊन आत येतं, जाळतं."

"अहो, पण दिवा बंद झालाय ना आता?"

"दिवा बंद झालाय. सूर्याला पत्र गेलेलं नाही."

बाई हसल्या. काका पुरावा दाखवायला भिंगाच्या छोट्या दारातून आत वाकले. बैठक आरशासारखी लखलखत होती. थेंब गायब.

"इथे दोन थेंब होते."

"ते होय? पॉलिशवाल्याने तीन दिवस घासले, तेव्हा कुठे निघाले."

काकांनी पुन्हा समजावलं, मग पुन्हा. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, तुमचा मान आहे. पण रोज हाच हट्ट असेल तर मला किल्ली परत घ्यावी लागेल."

किल्ली गेली तर भिंगाला वाली नाही. दुसऱ्या दिवसापासून काका घरून पिशवीत एक चादर आणू लागले. ऊन कलायला लागलं की पश्चिमेला टांगायची, सूर्य बुडाला की काढायची. चादरीवर मोठमोठी गुलाबाची फुलं होती.

"माझी नवी चादर," काकू म्हणाल्या.

"भिंगाला लागते."

"मग भिंगालाच सांगा उद्यापासून चहा करायला."

उद्‌घाटन सकाळी अकराला ठरलं. काकांनी मनाशी हिशेब केला. अकराला सूर्य छपराच्या वर असतो, धोका नाही. एक दिवस चादर नसली तरी चालेल. पण हा हिशेब सूर्याचा होता, पाहुण्यांचा नव्हे. पाहुणे अकराला निघाले. वाटेत त्यांनी आणखी दोन उद्‌घाटनं उरकली. साडेतीनला काकांनी गुपचूप पिशवीतली चादर टांगली. पावणेपाचला पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली आणि बाईंनी धावत वर येऊन ती ओढून काढली.

"मॅडम, पाया पडतो. अर्धा तास. सूर्य नेमका समोर आलाय."

"काका, ते जिन्यात आहेत!"

"मग त्यांना जिन्यातच ठेवा."

एकशे अडुसष्ट पायऱ्यांनी काकांना थोडी मदत केली, पण पुरेशी नाही. पाहुणे धापा टाकत वर आले, मागून आठदहा माणसं आली. श्वास जागेवर येताच पाहुण्यांनी भाषण सुरू केलं. "जरी हा दिवा आज विझलेला असला..." इथवर ते आले आणि रेशमी ज्योतीतून धुराची बारीक रेघ निघाली. मग भप्पकन खरी ज्वाळा उठली.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा!" पाहुणे म्हणाले. "अगदी हुबेहूब!"

काका भिंगाच्या दारातून आत घुसले आणि डोक्यावरची टोपी ज्वाळेवर दाबून धरली. "पडदा!" ते ओरडले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा सूर्याकडे. कोपऱ्यातली चादर उचलली आणि दोन्ही हात ताणून पश्चिमेच्या काचांना पाठ लावून उभ्या राहिल्या, गुलाबाच्या फुलांसकट. टाळ्या आणखी वाढल्या. लोकांना वाटलं, हा दुसरा अंक.

पाहुणे खूश होऊन खाली उतरले. मंडळी पांगली. बाई अजून तशाच उभ्या होत्या. काकांनी टोपी उचलली. तिला रुपयाएवढं भोक पडलं होतं. कडी न् कडी त्यांनी बोटाने चाचपून पाहिली. काच शाबूत होती. बैठकीवर मात्र एक ताजा थेंब ओघळला होता.

"मॅडम, या इकडे. चादर असू द्या तिथे, खिळ्याला अडकवा." बाई वाकून बघू लागल्या. काका म्हणाले, "हा तुमचा."

बाई हळूच म्हणाल्या, "पॉलिशवाल्याला सांगायला हवं, याला हात लावू नकोस म्हणून."

आठवड्याने पाहुण्यांच्या कचेरीचं पत्र आलं. ज्योत आपोआप पेटण्याचा प्रयोग अत्यंत स्तुत्य असून तो रोज संध्याकाळी पाच वाजता सादर करण्यात यावा. काकांनी पत्र वाचलं आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"उचला ती," बाई म्हणाल्या आणि उत्तर लिहायला बसल्या. उत्तरात एक अक्षर खोटं नव्हतं. प्रयोगासाठी काचघराला सर्व बाजूंनी जाड पडदे लागतील. ते दिवसभर बंद ठेवावे लागतील. आकाश निरभ्र असल्यासच पाच वाजता पश्चिमेचा पडदा उघडता येईल. आणि आकाश निरभ्र आहे की नाही, हे अनुभवी माणसालाच ठरवू द्यावं.

मंजुरी महिन्याभरात आली. काकूंना चादर परत मिळाली, उन्हाने जरा विटलेली.

आता रोज पाचला वर गर्दी होते. पडद्यांमागच्या मऊ उजेडात भिंग संथ चमकत असतं. लोक त्याच्याभोवती फिरतात आणि घड्याळाकडे बघतात. काका खुर्चीवरून उठतात, पश्चिमेच्या पडद्याची कड दोन बोटांनी जराशी सारतात. बाहेर ऊन नुसतं रणरणत असतं, आकाशात औषधालासुद्धा पांढरं काही नसतं. ते कड नीट मिटवून घेतात.

"आज ढग आहेत," ते सांगतात.

"दाट," जिन्यातून बाई म्हणतात.