थोरलीचा अर्ज

थोरलीला वाचता येत नव्हते. पण अर्ज वाचून दाखवल्याशिवाय तिने कोणाला त्यावर अंगठा उठवू दिला नाही. कागद दोन्ही हातांत धरायचा, घसा खाकरायचा आणि "सरकार मायबापास इनंती" अशी सुरुवात करायची. सारे तोंडपाठ. कागद पुष्कळदा उलटा असायचा. उंब्रजच्या बाजारात एका शिंप्याने ते तिच्या ध्यानात आणून दिले, तर म्हणाली, "उलटा का सुलटा, मजकूर त्योच हाय न्हवं?"

थोरली म्हणजे माझ्या वडिलांची पहिली बायको. मी धाकटीची मुलगी; पण माझ्या वेण्या थोरलीने घातल्या आणि मारही मी तिच्याच हातचा खाल्ला.

त्या वेळच्या कायद्याने पुरुषाला घरात बायको असताना दुसरी करायला काही आडकाठी नव्हती. मुंबईचे सरकार हे बदलायचे म्हणते आहे, बायकांनी आपले म्हणणे कळवावे, असे मुलींच्या शाळेतल्या बाईंनी सांगितले आणि अर्ज लिहून दिला. बाईंचा अर्ज दहा ओळींचा होता. थोरलीच्या तोंडी तो बाजारागणिक वाढत गेला. लोणंदला पोचेपर्यंत त्यात दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यालाही चौकीत बसवावे, अशी भर पडली होती. बाईंनी कपाळाला हात लावला.

"आवं बाई," थोरली म्हणाली, "येवडं मुंबईपतूर जायाचं, तर एकाच कामाला कशाला?"

पाठांतराचा सराव चाले तो दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जेवायला वाढताना. दादा पलटणीतून पेन्शनीत आलेले, लढाई पाहिलेले. पण त्या दिवसांत ते भाकरी मळ्यातच मागवू लागले.

या वाचून दाखवण्याचे मूळ मात्र हसण्यासारखे नव्हते. लग्नाला पाच वर्षे होऊनही थोरलीला मूल झाले नाही, तेव्हा सासऱ्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. "शेताचा कागद हाय," म्हणाले. तिने अंगठा उठवला. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला आपण राजीखुशीने संमती दिली आहे, हे तिला दारात मांडवाचे खांब आले तेव्हा कळले. त्यानंतर तिने कशालाच अंगठा दिला नाही. या अर्जावरचा पहिला अंगठा तिचाच. मी शेजारी बसले होते. तिने दाराकडे तोंड फिरवून तो उठवला, आणि निम्मी शाई सारवलेल्या जमिनीला लागली.

शाईची डबी घेऊन धाकटी, म्हणजे माझी आई, तिच्या मागून हिंडे. दोन सवती मिळून सवत नको म्हणून अर्ज करतात, याची बाजारात भारी करमणूक व्हायची. "हिलाच इचारा की, मी काय हिला उपाशी ठेवली?" असे थोरली वर सुनावायची. पण धाकटीने स्वतः अंगठा दिला नव्हता, आणि थोरलीने तो मागितलाही नव्हता.

अशात माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा, ताराचा, निरोप आला. चार वर्षांत पाळणा हलला नाही म्हणून सासरचे लोक दुसरी मुलगी बघू लागले होते. धाकटी चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, "आक्का, ह्या कागदावर अंगठा द्यायचा, म्हंजी मी ह्या घरात यायलाच नगं हुतं, असं म्हणायचं."

"तू गुणाची निगालीस, ह्ये माजं नशीब," थोरली म्हणाली. "ताराला नशिबावर कशी सोडू?"

धाकटीने अंगठा पुढे केला. तरी थोरलीने तिला अख्खा अर्ज पहिल्यापासून ऐकवला.

त्यानंतर थोरलीला दम निघेना. ती माहेरी गेली आणि सांगलीच्या बाजारातून चार कागद भरून अंगठे घेऊन आली. बाई म्हणाल्या, "अहो, सांगली संस्थानात आहे. मुंबईचा कायदा तिथे चालत नाही, हे अंगठे कोण मोजणार?"

"सवत काय संस्थानची शीव बघून येती व्हय?" म्हणत तिने ते कागदही पाकिटात कोंबले.

गावोगावच्या बायकांचे असे किती अर्ज मुंबईला गेले, कोण जाणे. पण कायदा झाला. बाईंनी वर्तमानपत्रातली बातमी थोरलीला तीनदा वाचून दाखवली. दादा त्या दिवशी घरी जेवले.

ताराचे सासरे हुशार निघाले. संस्थानात जाऊन लग्न लावले की झाले, असे त्यांना कोणीतरी सांगितले आणि त्यांनी सांगलीकडची एक मुलगी ठरवत आणली. आम्ही हाय खाल्ली. पण आठ दिवसांनी त्यांचा मध्यस्थ हात हलवत परत आला. मुलीची आई ऐनवेळी अडून बसली होती. "बाजारात एका बाईनं मला समदं वाचून दावलंय," ती म्हणाली होती. "कागद उलटा धरला हुता तिनं, पर मला समजलं. म्या अंगठा दिलाय. आता माघारी कसा घिऊ?"

तारा नांदली. पुढे थोरली गेली, तेव्हा सगळ्यांत जास्त रडली ती धाकटी.

थोरलीच्या शेवटच्या वर्षांत मी एकदा माहेरी आले होते. एवढी मोठी झाले तरी वेणी घालून घ्यायला तिच्यापुढेच बसले. सहज विचारले, "थोरले, हा कायदा तुझ्या वेळी असता, तर तारा नसती, मीही नसते. हे तुझ्या ध्यानात आलं होतं का गं?"

तिची फणी थांबली.

"म्हणून तर पयला अंगठा उठवताना," ती म्हणाली, "मी तुज्याकडं बघितलं न्हाई."

आणि वेणी इतकी घट्ट ओढली, की माझ्या डोळ्यांत पाणी आले.