‘परत’ या शब्दापायी ईटला दोन खेपा

२०२३ साल. मला बाहत्तर पुरी झाली होती. शाळा दुसरीपर्यंत, पण परंड्यात माझ्याहून जास्त बोलणारा माणूस असला तर दाखवा.

माझी सून लता लेकरांच्या कामावर आहे. ज्या घरात पोराला मारहाण झाली तिथं ती दर महिन्याला जाते. पोर घरातच राहतं, आईबापाला लता समजावते, आणि परत मारहाण झाली का ते कागदावर लिहून आणते. ओळीनं तीनदा ‘नाही’ आलं की त्या घरी जाणं बंद. त्या दिवशी ईट गावचं एक घर असंच बंद व्हायचं होतं. मी म्हणालो, मी येणार.

“मामा, तुमचं काय काम तिथं?”

“लोकाच्या घरात शिरून पोरं का मारता म्हणून विचारणार तू. कुणी अंगावर आलं म्हंजे?”

“आन् तुम्ही काय करणार?”

“म्या हाय की!”

शेवटी दोन अटींवर नेलं. बाहेर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिली मी पाळली.

भूमपर्यंत एसटी. तिथल्या खव्याचा खरपूस पेढा सोडून पुढं जाणं मला जमत नाही, पावशेर घेतला. पुढं वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). शेजारच्या बाईनं तिची कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खुशाल झोपली. दोन्ही अंगाला कमरेएवढी ज्वारी, मागं उघडे डोंगर, मी आपला बघत बसलो. ईट आलं तेव्हा कळलं, कोंबडीनं खिशातल्या पुड्याला भोक पाडलंय.

घर पत्र्याचं. बाप अंकुश, ट्रॅक्टर चालवणारा. आई शेतात गेलेली. पोरगी सोनी, नऊ वर्षांची. अंकुशनं पाणी दिलं, तंबाखू मळून दिली. मला माणूस आवडला. लतानं सोनीला एकटीला आत नेलं. पत्र्याआडून ऐकू आलं,

“परत मारलं का गं?”

“न्हाय.”

अंकुश माझ्याकडं बघून हसला. मग लतानं त्याला आत बोलावलं आणि सोनी बाहेर आली. मी कोंबडीच्या तावडीतून सुटलेला पेढा दिला.

“परत न्हाय मारलं म्हण. शाब्बास तुझ्या बापाची!”

पोरगी माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तशी बघाया लागली. “म्या कशाला परत मारू? पप्पा केवढे मोठे हायत!”

“आन् पप्पा?”

“ते मारतेत की. सोमवारी पट्ट्यानं.”

पेढा चघळत सांगितलं तिनं. माझ्या तोंडातली तंबाखू कडू झाली. आत जाऊन बोंब मारावी, तर बाप तिथंच. आमच्यामागं पोरीची गत काय झाली असती? मी ओरडलो, “लता! माझी चप्पल हरवली! भाईर ये!”

लता आली. “मामा, चप्पल पायात हाय की.”

“व्हय. तरीबी ये.”

बाभळीखाली नेऊन सांगितलं.  ती कागद उघडून बघत राहिली. “तीन महिने मी सगळ्या लेकरांना असंच विचारतेय, मामा.”

 मग तिनं तिच्या हापिसातल्या मोठ्या बाईंना फोन केला. संध्याकाळपर्यंत त्या आणखी एका बाईला घेऊन जीपनं आल्या, सोनीला पलीकडच्या गल्लीत आजीकडं पोचवलं. अंकुशच्या घरचा कागद बंद झाला नाही. माझ्याकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, “विचारायचं, तुला कुणी मारलं? कधी? कशानं? ‘परत’ काढून टाक.”

“छापील प्रश्न हाय मामा. मला बदलता येत न्हाय.”

“मग छापील घरी ठेव, तोंडानं विचार.”

ती हसली, मग खिडकीकडं बघत बसली.  तिचा नवरा, माझा पोरगा, लहानपणी चिंचेच्या फोकानं (ओल्या बारीक काठीनं) मी लई झोडला. त्याला कुणी तेव्हा ‘परत मारलं का’ विचारलं असतं, तर त्यानंही ‘न्हाय’च सांगितलं असतं. खरं बोलला असता. त्यानं मला कधी परत मारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ईटच्या बाकीच्या लेकरांना नव्यानं विचारायला लता पिशवी भरत होती तवर मी स्टँड गाठला आणि भूमच्या पहिल्या गाडीच्या खिडकीतून दोन सिटांवर माझं पागोटं टाकलं.