दाढ भरायची तारीख

सहादेव मूळचा जामखेडकडच्या एका वस्तीवरचा. बारावीला सायन्समध्ये नापास झाला आणि नगरजवळच्या एका डेंटल कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून चिकटला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. काम तसं विचित्रच. जंतूंना जेवू घालायचं. अगारची, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली पूड पाण्यात उकळायची, वाफेच्या मोठ्या कुकरातून काढायची आणि हाताला सोसेल इतपत निवली की काचेच्या चपट्या बशांत ओतायची. खरवसासारखी ती थिजली की डॉक्टर मुलं त्यावर जंतू पेरायची. सहादेवनं ओतलेल्या प्लेटमध्ये बुडबुडा म्हणून सापडायचा नाही. "मामा, तुम्हीच ओता, आमच्या वाकड्या येतात," असं पोरं म्हणाली की त्याला दिवसभर बरं वाटायचं.

त्याची बायको सविता काष्टीची. लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली, सृष्टी, ती एकच. सात वर्षांची झाली तेव्हा पुढचे दोन दात पडून नवे अर्धे वर आले होते आणि खालची एक दाढ काळी पडून दुखायला लागली होती. घास एकाच बाजूनं चावायची. सहादेव तिला कॉलेजातल्या मुलांच्या विभागात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दाढ उघडली, मुळांच्या नळ्या साफ केल्या, आत औषध ठेवून वरून कच्चं सिमेंट लावलं.

"काम अर्धंच झालंय, मामा," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी आणा. नळ्या कायमच्या भरून टाकू."

कार्डावर तारीख लिहून दिली. कार्ड त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून दुखणं थांबलं. गुरुवारी प्रयोगशाळेत परीक्षा होती, बाहेरून परीक्षक आलेले, साठ प्लेटा लावायच्या. गुरुवार गेला. सविता सृष्टीला घेऊन भावाच्या लग्नाला माहेरी निघाली, पिशव्या भरता भरता तिनं विचारलं, "अवो, हिची दाढ झाली ना सगळी?"

"झाली की," सहादेव म्हणाला. दुधाची दाढ, दोन-तीन वर्षांत पडणारच. आल्यावर भरून घेऊ, असं त्याच्या मनात होतं.

काष्टीला हळदीच्या दिवशी सृष्टीच्या जबड्याखाली सूज आली. लग्नघरात शंभर माणसं. सवितानं तव्यावर फडकं गरम करून शेक दिला आणि पोरीला निजवून ती बाहेर गेली. सकाळी सूज गळ्यापर्यंत उतरली होती. जीभ वर उचललेली, तोंडातून लाळ गळत होती, शब्द फुटेना. जीपमध्ये घालून नगरला आणलं. मोठ्या दवाखान्यात घशात नळी घातली, मान चिरून पू काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

दवाखान्यातल्या कोणीतरी जाता जाता म्हटलं, "शेक द्यायला नको होता, त्यानं पसरतं." खरंखोटं कोण जाणे. सवितानं ते वाक्य धरून ठेवलं. "मी शेकलं तिला. मी हळदीत नाचत हुते," एवढंच ती म्हणायची. काष्टीला जाणं तिनं सोडलं. भावाच्या लग्नाचे फोटो आले, ते पाकीट तिनं उघडलं नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आणि तव्याशी उभी राहिली की तिथंच उभी राहायची.

सहादेव तिला म्हणायचा, "तुझा काय दोष न्हाई गं." हे खरंच होतं, पण कुणाचा आहे ते तो सांगत नव्हता. कार्ड त्यानं कॉलेजातल्या कपाटात, कोऱ्या लेबलांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. मग रेश्मा मॅडम आल्या. लहान मुलांच्या दातांचं पुढचं शिक्षण घेत होत्या, कॉलेजात नव्या. त्यांचा प्रबंध होता दुधाच्या दाढांच्या मुळांत भरायच्या औषधांवर. कुठलं औषध जंतूंना किती मारतं ते पाहायचं.

सहादेवनं चाळीस प्लेटा ओतल्या. मॅडमनी त्यांवर जंतू पसरवले, अगारात बारीक खड्डे पाडून प्रत्येकात वेगळ्या औषधाचा लगदा भरला. एका लगद्याला लवंगेच्या तेलाचा वास, दुसरा पिवळा, तिसरा नुसत्या चुन्यासारखा. दुसऱ्या दिवशी प्लेटा बाहेर काढल्या. सगळीकडे जंतूंची साय धरलेली, आणि खड्ड्यांभोवती स्वच्छ गोल. तिथं काही उगवलं नव्हतं. सहादेव पट्टी लावून मिलिमीटर सांगत होता, मॅडम लिहीत होत्या. लवंगवाल्याचा गोल सगळ्यांत मोठा. पिवळ्याचा त्याहून लहान. चुन्याचा जेमतेम.

"मॅडम, दाढ साफ करून ठिवली, आन हे भरलंच न्हाई तर?" त्यानं विचारलं.

"वरचं कच्चं सिमेंट झिजतं ना, मामा. फट पडली की जंतू परत आत. म्हणून तर आम्ही आईबापांना बजावतो. दुखायचं थांबलं की आणत नाहीत मुलांना."

सहादेवनं पट्टी टेबलावर ठेवली.

"भरलं असतं तर वाचली असती का?"

रेश्मा मॅडमना कळेना. मग त्यानं सांगितलं. कपाटातून कार्ड काढून दाखवलं. मॅडमनी कार्डावरची तारीख वाचली.

"मी हो म्हणू शकत नाही, मामा, आणि नाहीही म्हणू शकत नाही. प्लेटवर गोल पडला म्हणून दाढेत तसंच होतं असं नाही. भरलेल्या दाढाही कधी कधी सुजतात."

त्या त्याची समजूत काढत नव्हत्या, खरं तेच बोलत होत्या. म्हणूनच त्याला बसवेना. उरलेल्या प्लेटा मोजून दिल्या आणि तो घरी आला. सविता दारात गहू निवडत होती. त्यानं कार्ड तिच्या सुपात ठेवलं.

"गुरुवार हुता. मी न्हेलं न्हाई. तू इचारलंस तवा झाली म्हनलो."

सवितानं कार्ड वाचलं. परत वाचलं.

"दोन वर्सं," ती म्हणाली. "दोन वर्सं त्यो शेक मला खात हुता, आन तुमी बघत हुतात?"



तिनं कार्ड बाजूला ठेवलं. गहू निवडून झाले, डब्यात भरले. सकाळच्या एसटीनं ती काष्टीला गेली, पोरगी गेल्यापासून पहिल्यांदाच. भावाकडे राहिली. आता तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे.

सहादेव दर रविवारी जातो. ती चहा ठेवते. ओसरीवर दोघं बसतात, पावसापाण्याचं, भावाच्या जनावरांचं बोलतात. सृष्टीचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. एकदा कप उचलताना ती एवढंच म्हणाली, "तवाच सांगितलं असतं तर संगं रडलो असतो." आणि आत गेली. सहादेव संध्याकाळच्या गाडीपर्यंत ओसरीवर बसून राहिला.