आईच्या वाट्याची भाकर

२००६ सालचा झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला. दुसऱ्या दिवशी आईच्या हृदयाचे ऑपरेशन होते, आगाऊ पन्नास हजार भरून झाले होते, आणि जयपूरच्या आमच्या चर्चच्या दारात आम्ही चौघे उभे होतो: आई, मी, पाळकसाहेब आणि समितीचे सेक्रेटरी. ऑपरेशनआधी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, मिळावे, एवढेच आईचे मागणे होते.

“माताजी का कन्फर्मेशन किस बिशप साहब ने किया?” सेक्रेटरींनी विचारले.

“आमच्या गावाला कुठले बिशप, भैया? वडीलमंडळींनी चार प्रश्न विचारले अन् घेतलं पंगतीला.”

“तो सिर्फ़ आशीर्वाद ले लें. रोटी-प्याला नहीं.”

माझे डोके फिरले. नगरकडची आमची मंडळी अमेरिकन मिशनची, तिथे बिशप नव्हतेच. इथली अँग्लिकन, इथे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून कन्फर्मेशन केल्याशिवाय प्रभुभोजन नाही. पण या मंडळ्या एक होऊन पस्तीसहून अधिक वर्षे झाली होती. एकीचा सभासद तो सगळ्यांचा, याच करारावर हा धर्मप्रांत उभा आहे. मी हे मुद्देसूद सांगितले. उत्तर आले, “यहाँ का दस्तूर यही है. बिशप साहब बारिश के बाद आएँगे, तब करवा लीजिए.”

पावसाळ्यानंतर! उद्या तिची छाती उघडायची होती. आणि पाळकसाहेब, समितीच्या एका तक्रारीवर बदली होते हे ठाऊक असल्याने, जमिनीकडे पाहत राहिले.

वेदीपुढच्या कठड्याशी आईने सगळ्यांच्या रांगेत गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि पुढच्या बाईला भाकर दिली. ती मिलिटरी स्टेशनवरची केरळी नर्स, आमची ओळखदेखील नव्हती. तिने आईच्या रिकाम्या ओंजळीकडे पाहिले, आपला तुकडा मोडला आणि अर्धा त्या ओंजळीत ठेवला. प्याला घेऊन पुढे गेलेले पाळकसाहेब थबकले. मागे वळले आणि प्याला आईच्या ओठांना लावला.

“बिशप साहब को लिखना पड़ेगा,” नंतर सेक्रेटरी म्हणाले.

“लिखिए. मैं भी लिखूँगा,” पाळकसाहेब म्हणाले.

बिशपांचे उत्तर दोन ओळींचे आले: आईंना पुन्हा कोणी अडवू नये.

त्या नर्सला नेमके आईच्या शेजारी कोणी बसवले, याचा हिशेब मला लागत नाही, आणि मी आता मांडतही नाही. आई बरी होऊन चर्चला आली, तेव्हा आभारदानाचे पाचशे रुपये तिने नेमके सेक्रेटरींच्या हातात दिले. मी चिडलो.

“देवाला दिलेत,” ती म्हणाली. “तो बिचारा नुसता पोचवणारा.”