वही खाली ठेव

"वही खाली ठेव," डॉक्टर म्हणाले.

ठेवली. सारवलेल्या जमिनीवर. मी दोन पावलं मागं सरले, तेव्हा कुठं त्यांनी ती उचलली. रुमालानं पुसली आणि वाचायला बसले.

हे रोजचं. दोन हिवाळे.

सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर खरजेची, गजकर्णाची, कोडाची माणसं अंघोळीला येत. हे पुण्याचे डॉक्टर तिथं कातडीचे रोग बघायला यायचे, आणि त्या रोगांना आमच्याकडं काय काय म्हणतात तेही टिपून घ्यायचे. दोन्हीवर त्यांना लेख लिहायचे होते. मी पोलादपूरच्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायची. सातवीची फायनल पास, अक्षर बरं. म्हणून मला बोलावलं.

बायका पुरुषाला अंग दाखवत नसत. मग मधे चादर बांधायची. अलीकडं मी आणि ती बाई, पलीकडं खुर्चीवर डॉक्टर. हात मी लावायची. कुठं खरखरीत, कुठं ओलं, कुठं टाचणी टोचली तरी कळत नाही, सगळं वहीत लिहायची. बाई दुखण्याला काय म्हणते तेही, तिच्याच तोंडचं. डॉक्टर वहीतलं उतरून घ्यायचे आणि वही परत जमिनीवर टाकायचे. चादरीआड कुणब्यांच्या बायकाही मला हात लावू देत. बाहेर आल्या की बाजूनं जात.

आमचा बाबा महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेला माणूस. आणि त्याची लेक वही खाली ठेवत होती. का? तर डॉक्टर म्हणाले होते, "तुझं नाव छापून येईल."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "माझं बी लिव्ह गो त्यात कायतरी."

आईचे हात रस्त्याची खडी फोडून फाटलेले. त्या भेगांना ती खाचरी म्हणायची. वैशाखात भाताचं खाचर तडकतं ना, तसे हात. हा शब्द आमच्या घरातलाच. शेजारणीलाही ठाऊक नव्हता. मी लाडानं वहीत लिहिला. कुणाचा ते लिहिलं नाही. चूक माझी.

लेखाची प्रत दवाखान्यात आली. इंग्रजी. कंपाउंडरनं मराठीत सांगितलं. 'मी स्वतः हात लावून तपासलेल्या स्त्रिया.' स्वतः! शेवटी आभार. ज्यांच्या माडीवर डॉक्टर उतरले त्या खोतांचे, जीप चालवणाऱ्याचे. मी कंपाउंडरला तीनदा शोधायला लावलं. माझं नाव नव्हतं.

आणि एके ठिकाणी, 'या तालुक्यात सर्वत्र खाचरी असे म्हणतात.' कंपाउंडर नात्याचा. तो म्हणाला, "आमच्यात तर कोण म्हणत नाय."

घरी आईनं विचारलं, "आलं का गो नाव?"

"तुझा शब्द आलाय."

"आणि तुझं?"

मी भाकरी थापत राहिले. काय करणार होते? कुणाला पत्र लिहिणार? पट्ट्या बांधणारीचं कोण ऐकणार? चुलीसमोर बसून रडले, आणि सकाळी पुन्हा कामावर गेले.

काही वर्षांनी डॉक्टर परत आले. आई गेली होती तोवर. त्यांनी टाइप केलेली यादी दवाखान्यातल्या टेबलावर पसरली. त्यांचे लेख, आणि कुणाकुणाच्या पुस्तकात त्यांचा दाखला आलाय ते. कंपाउंडरला हौसेनं बोट ठेवून दाखवत होते. "हा खाचरी शब्द चार विद्वानांनी घेतलाय, माझ्या नावानिशी."

दारात पट्ट्यांचा ट्रे धरून मी उभी. तो शब्द बोलणारी आता घरात मी एकटी उरले होते.

"चादर बांधू पुन्हा," ते मला म्हणाले. "वही आण."

मी आणली. त्यांचं बोट जमिनीकडं गेलं. "ठेव खाली."

"हातातून घ्या."

"काय?"

"हातातून घ्या, साहेब."

त्यांनी हात पुढं केला नाही. मी वही काखेत मारली आणि बाहेर आले. त्यानं त्यांचं काही अडलं नाही. महाडहून दुसरी बाई आणली. यादी वाढतच गेली असेल.

वही माझ्यापाशी आहे. पहिल्या पानावर माझं नाव घातलंय, खाली आईचं. खाचरीपुढं लिहिलंय, हा शब्द तालुक्याचा नाही, माझ्या आईचा आहे. ज्याला हवा असेल त्यानं यावं. मी वही जमिनीवर ठेवणार नाही.